आपणहून चालणारं मशीन

तांडा, शिरड शहापूरच्या अलीकडे
९ नोव्हेंबर

भिया,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजला एकच टिक येते, म्हणून हे पत्र. पत्ता देविदासकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस. बिचारा वाळूजहून दिवाळीला आला होता, मी त्याला फराळाला बसवलं आणि पत्ता सांगेपर्यंत उठू दिलं नाही. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथले बाबा म्हणाले, "कोर्टाचं हाय का?" म्हटलं, नाही, भावाला लिहायचंय. "मंग भाऊ बोलत न्हाई वाटतं," म्हणाले. गावाला काही सांगावं लागत नाही बघ.

इकडं सगळं ठीक आहे. याडी ठीक आहे, बा पण बरा आहे. मी दसऱ्यापासून माहेरीच आहे. भांडून आले नाही, उगाच शंका काढू नकोस. कनेरगाव नाक्याला घरी सगळे नीट आहेत. मला एक सर्वेचं काम मिळालंय आणि गावं सगळी इकडचीच आहेत, म्हणून राहिलेय. एवढंच कारण.

सर्वे कशाचा ते ऐकशील तर हसशील. माणसं मशीनबद्दल मनात आधीच काय धरून बसलेली असतात, ते मोजायचं. एका विद्यापीठातल्या मॅडमचं काम आहे. मी दारोदार जाऊन वाक्यं वाचायची. ते चुकत नाही, ते कोणाची बाजू घेत नाही, त्याला आपली अडचण कळत नाही, असली वाक्यं. समोरच्यानं एक ते पाच सांगायचं. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पुरतं पटतं. मॅडम म्हणतात, माणूस दरवेळी विचार करत बसत नाही, 'मशीन म्हणजे असंच' असं धरून चालतो आणि तेवढ्यावर मोठमोठे निर्णय घेतो.

पण झालं काय, फॉर्मात मशीनला शब्द घातला होता 'स्वयंचलित यंत्रणा'. मी पुंजाजीकाकाच्या दारात उभी राहून वाचलं, "स्वयंचलित यंत्रणा कोणाची बाजू घेत नाही." काका तंबाखू मळायचा थांबला. "यंत्रणा? अन् ती बी स्वयंचलित? अगं बाई, आपली यंत्रणा हेलपाटे घातल्याबिगर कधी हालली का?" आणि सगळ्या वाक्यांना एक, एक, एक. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तर बाईनं मलाच झापलं, की यंत्रणेकडून आलीस तर आधी आमच्या रस्त्याचं बोल. अख्ख्या तांड्यानं सरकारी हापिसांवर मत दिलं आणि मी येड्यासारखी भरून घेतलं! मॅडमला फोन केला तर आधी खूप हसल्या, मग म्हणाल्या, मिना, सगळं परत करावं लागेल.

परत करतेय. पाय मोडून आलेत.

यंत्रणा म्हणजे मशीन, हे एका सखुबाईलाच तेवढं कळलं होतं. रेशनच्या दुकानातलं मशीन तिचा अंगठा घेत नाही. मी विचारलं, मशीन चुकतं का? तर म्हणाली, "मशीन काहून चुकंल? माझाच अंगठा झिजला." आणि पाच सांगितले. तिच्या दारातून उठवेना मला.

तुला मुलगी झाली असं ऐकलं. नाव कळलं नाही. पल्लवी वहिनीला नमस्कार.

मिना


१६ नोव्हेंबर

भिया,

उत्तर आलं नाही. येईल अशी आशाही धरली नव्हती, तरी पोस्टमन दिसला की मान वळते.

मागच्या पत्रात बा बरा आहे असं लिहिलं होतं. तो बरा नाही. पावसाळ्यापासून खोकतोय. बंडी अंगावर लोंबायला लागलीय, गोठ्यापर्यंत जाऊन आला की मेढीला धरून उभा राहतो. मी सर्वेसाठी आले हे अर्धंच खरं. काम नसतं तरी आले असते, याडीनं रडतच फोन केला होता.

शहापूरला टीबीचं शिबिर झालं. हातात धरायचं एवढंसं मशीन, छातीचा फोटो काढतं आणि संगणक तिथल्या तिथं सांगतो, टीबी दिसतोय का नाही. लाल आलं की संशय, हिरवं आलं की साफ. बाला हिरवं आलं. पण तिथले डॉक्टर, धम्मानंद म्हणून आहेत, आपल्याच जिल्ह्यातला पोरगा, त्यांनी नळी लावून पाठ ऐकली आणि म्हणाले, "काका, मशीन साफ म्हणतंय पण मला आवाज बराबर वाटत न्हाई. वजन बी उतरलंय. बेडका तपासायला द्या."

बा म्हणाला, "मशीन काय म्हणलं?"

"साफ म्हणलं. पण मशीन बी कधी चुकतं."

बा उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "मशीन चुकत न्हाई. चुकतो तो मानूस." आणि चालायला लागला. मी पिशवी उचलली आणि त्याच्यामागं गेले.

हे वाक्य तू कुठं ऐकलंस ते तुला सांगायला नको. पण लिहूनच टाकते. चार वर्षं झाली, या घरात त्यावर कुणी तोंड उघडलेलं नाही आणि मला आता त्या गप्प राहण्याचाच कंटाळा आलाय. सोयाबीन काढायचं तुझं मळणीचं मशीन. भीमसिंगनं अडकलेला पाला काढायला हात घातला आणि त्याची दोन बोटं गेली. तू म्हणालास, मी बंद केलं होतं. बा तांड्याचा नायक. त्यानं पंच बसवले आणि स्वतःच्या पोराला सगळ्यांदेखत दोषी धरलं, की मशीन चुकत नाही, चुकतो तो माणूस. मशीन विकायचं आणि भीमसिंगच्या आईच्या पाया पडायचं, असा निवाडा दिला. तू पाया पडलास आणि पडून उठलास तो थेट फाट्याकडं निघालास. घरात पाण्यालासुद्धा थांबला नाहीस.

लोक बाचं कौतुक करतात अजून. नायक असावा तर उत्तमसिंगसारखा, पोटच्या पोराची बाजू घेतली नाही, म्हणतात. बा ते ऐकतो आणि जमिनीकडं बघतो.

काल परत विषय काढला तर मला म्हणाला, "डॉक्टर मानूस हाय. त्याला आकडा भरायचा आसंल, औषध खपवायचं आसंल. मशीनला सोयरा न्हाई, भाऊबंद न्हाई. ते मला वळखत बी न्हाई, मंग माझ्यासंगं लबाड काहून बोलंल?" मॅडमच्या फॉर्मातली सगळी वाक्यं बानं न विचारता एका दमात म्हणून दाखवली. दमात म्हणजे मध्ये दोनदा खोकून.

मिना


२४ नोव्हेंबर

भिया,

आज जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

'यंत्रणा' काढून टाकली. मॅडम म्हणाल्या, तुमच्याकडं माणसं काय म्हणतील तो शब्द तूच सुचव. नुसतं 'मशीन' म्हटलं की कुणाला पिठाची गिरणी आठवते, कुणाला शिलाईचं. 'ऑटोमॅटिक' म्हटलं की पोरं गाड्यांवर बोलायला लागतात. शेवटी मी म्हटलं, 'आपणहून चालणारं मशीन'. मॅडमला एकदम आवडलं. म्हणाल्या, घरात कुणावर तरी वाचून बघ, कळतंय का.

बा बाजेवर बसून दोरी वळत होता. म्हटलं, बा, तुझं उत्तर धरायचं नाही, घरच्यांचं चालत नाही, नुसतं ऐक. आणि वाचलं, "आपणहून चालणारं मशीन चुकत नाही."

"कसलं मशीन?"

"आपणहून चालणारं."

त्याचा हात थांबला. तोंड असं झालं की मला वाटलं, छातीत काही झालं. "हे तुला पेमानं सांगितलं का?"

इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून तुझं नाव ऐकून मला आधी उमगलंच नाही. म्हटलं, पेमा माझ्याशी चार वर्षांत बोलला नाही, बा. तर तो उठला आणि दोरी तशीच टाकून गोठ्यामागं गेला. तिकडं जाऊन खोकतो हल्ली, आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून. ऐकू येतंच.

याडी चुलीपुढून म्हणाली, "पेमाचेच बोल हायती ते. पंचात म्हणला होता. 'मी बंद केलं होतं, ते आपणहून फिरलं.'"

मी पंचात नव्हते, सासरी होते. मला हे शब्द माहीत नव्हते रे, शपथ. आणि आता ते फॉर्मात बसले आहेत, सगळ्या गावांत मी तेच घेऊन हिंडणार आहे.

संध्याकाळी भीमसिंगकडं गेले. म्हटलं, भीमसिंग दादा, खरं सांग, तू हात घातलास तेव्हा मशीन बंद होतं का चालू? तो आपल्या हाताकडं बघत म्हणाला, "आठवत न्हाई, मिना. लई येळा आठवून पाह्यलं. पंच बसले तवा मी नांदेडला दवाखान्यात होतो, मला तर कुणी इचारलं बी न्हाई." मग म्हणाला, "पेमाला इचार, तो जेवतो का नीट." त्याला तुझा राग नाही. असेल तर मला दिसला नाही.

तेव्हा खरं काय ते कळायची वाट आता कुठंच जात नाही. ते मशीन विकलं गेलं, कुठल्या गावात आहे तेही माहीत नाही.

मिना


१ डिसेंबर

भिया,

आज भांडले. पोटभर भांडले. बाशी असं बोलायची माझी काय हिंमत, पण माणूस थकला की जीभ सुटते. दिवसभर उन्हात लोकांना 'आपणहून चालणारं' ऐकवायचं आणि घरी येऊन हा खोकला ऐकायचा, माझा जीव मेटाकुटीला आलाय.

जेवताना त्याला ठसका लागला आणि भाकरी ताटात पडली. मी म्हटलं, उद्याच्या उद्या बेडका द्यायला चल. म्हणाला, मशीन साफ म्हणलंय. म्हटलं, मशीन गेलं खड्ड्यात! एवढा तांड्याचा नायक तू, आणि एका डबीएवढ्या मशीनपुढं मान टाकतोस? तू मेलास तर ते मशीन येणार आहे का खांदा द्यायला? याडी म्हणाली, मिना, तोंड आवर. नाही आवरलं. म्हटलं, एकदा, फक्त एकदा म्हण, की मशीन चुकू शकतं. त्यात तुझं काय जातंय?

बानं ताट सरकवलं. फार हळू बोलला, मला पुढं वाकावं लागलं.

"मशीन चुकू शकतं म्हणलो, तर मंग पेमाचं काय?"

सगळं एकदम डोक्यात लख्ख पडलं, भिया. हा माणूस मशीनवर विश्वास आहे म्हणून दवाखाना टाळत नव्हता. मशीन चुकतं म्हणावं तर चार वर्षांपूर्वीचा निवाडा जागेवरून हलतो. मग पोराला उगाच हाकललं असं होतं. त्यापेक्षा खोकत मेलेलं त्याला सोपं वाटत होतं. मला त्याचा इतका राग आला, आणि इतकी कीव आली, की काय आधी आलं ते सांगता येत नाही.

याडी तव्यावरची भाकरी उलटत होती. मागं वळलीसुद्धा नाही. "पेमाचं काय म्हंजी? पेमा घरी येतो. दुसरं काय व्हतंय?"

बा तिच्या पाठीकडं बघत बसला. मग म्हणाला, "चुकू शकतं." कुणाला म्हणाला ते कळलं नाही. "मशीन बी चुकू शकतं." आणि परत ताट ओढून घेतलं.

हे मी जसंच्या तसं लिहिलंय. एक अक्षर माझं नाही.

मिना


३ डिसेंबर

भिया,

बा आज आपणहून गेला. बघ, तोच शब्द आला परत, पण दुसरा सुचत नाही. सकाळी मी तयार होईपर्यंत भीमसिंगच्या मोटरसायकलवर मागं बसून निघूनसुद्धा गेला. भीमसिंग हँडल त्या उरलेल्या बोटांनीच धरतो. बा इतकी वर्षं त्याच्या गाडीवर बसला नव्हता.

बेडका दिला, रक्त दिलं. डॉक्टरांनी दुसरा नमुना उद्या सकाळचा मागितलाय. रिपोर्टला वेळ लागेल. परत आल्यावर भीमसिंग म्हणाला, काका उतरताना म्हणाले, "तुला इचारायला पाह्यजे होतं." भीमसिंगनं "व्हय काका" म्हटलं आणि गाडी लावायला गेला.

परवाचं आणि आजचं पत्र मी अजून टाकलेलं नाही. खरं सांगू? भीती वाटतेय. रिपोर्टात टीबी निघाला तर बाला औषध मिळेल, बरा होईल, आणि मशीन चुकलं हेही सगळ्यांना दिसेल. मग तुला बोलवायला त्याला तोंड राहील. मी देवाकडं काय मागतेय ते माझं मलाच ऐकवत नाही. बापाला टीबी निघू दे म्हणून हात जोडणारी लेक असते का कुठं? पण जोडले. तुला सांगून टाकलं, आता तू काय म्हणायचं ते म्हण.

मिना


११ डिसेंबर

भिया,

टीबी नाही.

दोन्ही नमुने साफ आले. डॉक्टरांनी हिंगोलीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. दमा आहे म्हणाले, आणि बरेच दिवस अंगावर काढलेला. मळणीची धूळ, चुलीचा धूर, वय. तोंडात ओढायचा पंप दिलाय, सकाळ-संध्याकाळ. वजनही भरून येईल म्हणतात, खायला लागला की. पंपाचा पहिला झुरका ओढल्यावर बा असा दचकला की याडी हसली, किती दिवसांनी हसली. बरा होणार आहे तो. हे आधी वाच आणि मग पुढचं.

डॉक्टर बिचारे चांगल्या मनानं म्हणाले, "काका, तुमचं मशीन बराबर होतं बरं का." बाचं तोंड बघवेना. म्हटलं, संपलं. आता परत तेच वाक्य येणार, मशीन चुकत नाही, चुकतो तो माणूस, आणि आता तर त्याच्याकडं सरकारी रिपोर्टही आहे. रिक्षात बा बाहेर बघत होता, मी माझ्या चपलांकडं.

घरी आल्यावर म्हणाला, "पेमाला लिवतेस म्हणं. देविदासचा बाप सांगत होता."

व्हय म्हटलं. लपवून काय उपयोग.

"माझं काय लिवलंस?"

मी पिशवीतून ती न टाकलेली पत्रं काढली. बाला वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचतो. एक तारखेच्या पत्रावर बोट सरकत सरकत गेलं आणि 'मशीन बी चुकू शकतं' इथं थांबलं. मला वाटलं आता फाडतो. मीच म्हटलं, "बा, ते मी खोडते. मशीन तर बराबर निघालं."

त्यानं बोट उचललं नाही.

"ऱ्हाऊ दे. खोडू नको."

"पण बा, मशीन बराबर..."

"निघू दे की बराबर." त्याला धाप लागली. ती थांबेपर्यंत तो थांबला. "लेकरू घरी यायला मशीन चुकायलाच पाह्यजे व्हय?"

तिन्ही पत्रं एकाच पाकिटात घालतेय. आज टाकते.

मिना